उरलेले अकरा टक्के

जळगावच्या माणसाला उन्हाचा अभिमान असतो. दुसऱ्या गावांकडे किल्ला असतो, घाट असतो, एखादा संत असतो. आमच्याकडे तापमान आहे. एप्रिल लागला की पेपरात पहिल्या पानावर आकडा येतो, आणि तो शेजारच्या जिल्ह्यापेक्षा अर्ध्या अंशाने कमी निघाला तर आम्हाला मनातून वाईट वाटतं. पुण्याचा पाहुणा भर दुपारी निघाला की आम्ही त्याला मुद्दाम फाटकापर्यंत सोडायला जातो. तो डोळे बारीक करून "बाप रे" म्हणाला की आम्ही म्हणतो, "हे काहीच नाही, मे महिन्यात या." जणू मे महिना आम्ही घरी बनवतो.

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. पंख्याखाली बसून पुस्तकांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या अभिमानाला हसायला भरपूर वेळ मिळतो. उद्घाटनं, सत्कार, शाली, नारळ, कापलेल्या फिती, या सगळ्याला मी पस्तीस वर्षं हसलो. आपण त्यातले नाही याची मला खात्री होती. अक्कांना धुळ्याहून जळगावला आणलं त्या दुपारपर्यंत तरी होती.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघींमध्ये चौदा वर्षांचं अंतर. आई लवकर गेल्यामुळे बायकोच्या वेण्या अक्कांनी घातल्या, तिचं शाळेत नाव अक्कांनी घातलं, आणि मला होकार द्यायचा की नाही हेही अक्कांनीच ठरवलं. यजमान गेल्यावर धुळ्यात दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहायच्या. मुलगा सुरतला होता, बोलवायचा, पण त्या जायच्या नाहीत. मला त्या भाऊ म्हणायच्या आणि अहिराणीत बोलायच्या. मी माझ्या मराठीत उत्तर दिलं की म्हणायच्या, "भाऊ, तुम्हनं पुस्तकनं बोलनं माले आर्धंच समजस. पन तितलं पुरस."

दर चैत्रात अक्का आठ दिवस आमच्याकडे यायच्या, बिबडे करायला. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, पण असं सांगितलं की खानदेशी माणसाला राग येतो. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दळायची, आणि दळणाच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गल्लीतल्या सात-आठ बायका आमच्या गच्चीवर जमायच्या. आमची गच्ची गल्लीत सगळ्यांत मोठी, आणि तिच्यावर सावली कुठूनच पडायची नाही. मोठ्या पातेल्यात लसूण, मिरची, तीळ घातलेलं पाणी उकळायचं, त्यात पीठ पडायचं आणि दोघीजणी लाकडी दांड्याने ते घोटायच्या. दांडा अक्कांचा, धुळ्याहून कापडात गुंडाळून आणलेला. पीठ शिजलं की नाही हेही त्याच ठरवायच्या. ओल्या बोटावर थेंबभर घ्यायच्या, अंगठ्याने दाबायच्या आणि "आजून" किंवा "उतार" एवढंच म्हणायच्या. मग ओल्या धोतरावर हाताने थापलेले बिबडे रांगेने उन्हात पडायचे. मला वरून वाटीभर गरम पीठ तेल घालून खाली पाठवलं जायचं. कुणाची सून, कुणाचा जावई, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, हे सगळं त्या दोन-तीन तासांत वर्षभराचं बोलून व्हायचं. बायको एरवी फार बोलणारी नाही. गच्चीवरून तिचं हसू जिन्यात ऐकू यायचं.

बायकोने एकदा वही-पेन घेऊन अक्कांना माप विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, "वाटी लिखशी. पन ज्वारी कोनती, पानी कोनतं, ऊन कसं, ते कसं लिखशी?" वही मिटली गेली. माप अक्कांच्या बोटावर राहिलं.

मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी मुलगा पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला. त्याने मला एक तक्ता दाखवला. त्या तक्त्यात मी पंचवीस वर्षं जगणार होतो आणि सहाव्या वर्षापासून नफ्यात येणार होतो. "बाबा, तुमच्या डोक्यावर वर्षातले तीनशे दिवस फुकट वीज सांडते आणि तुम्ही छत्री घेऊन फिरता," तो म्हणाला. वाक्य चांगलं होतं. मला चांगली वाक्यं आवडतात, हा माझा जुना आजार आहे. आधी गच्चीवर सोलर, मग त्या विजेवर चालणारी गाडी, असा बेत ठरला. जळगावचं ऊन, ते वाया का घालवायचं? पेपरातल्या आकड्याला मी हसत होतो, तोच आकडा आता माझ्या बाजूने झाला.

सोलर बसवणारा माणूस माप घेऊन खाली आला आणि म्हणाला, "काका, उंच सांगाडा घ्या. पैसे थोडे जास्त लागतील, पण खाली माणूस उभा राहतो. कपडे वाळतात, बसता-उठता येतं."

"त्याने वीज जास्त होते?" मी विचारलं.

"नाही."

"मग कशाला?"

बायको चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवले आणि म्हणाली, "बिबडे?"

"बाजारात मिळतात की," मी म्हणालो. "बचत गटाच्या बायका फार छान करतात."

सांगाडा बुटका बसला. गच्चीवर जायचं तर आता कमरेत वाकून जावं लागायचं, आणि वाकून गेल्यावर करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

त्या चैत्रात अक्कांचा फोन आला. बायकोने स्पीकर चालू केला, मलाही ऐकू यावं म्हणून असेल. "भाऊ," अक्का म्हणाल्या, "बिबडासना ठिकाने ऊनच वाळत घालेल शे म्हने तुम्ही गच्चीवर. मंग मी ई सन काय करू?" मी येऊन तरी काय करू, असं विचारून त्या स्वतःच हसल्या. मीही हसलो. बायको उठून आत गेली.

पॅनलबद्दल दोन गोष्टी मला नंतर कळल्या, ज्या तक्त्यात नव्हत्या. पहिली, त्यांना प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. तापली की ती सुस्तावतात. मार्चमध्ये जेवढी वीज व्हायची तेवढी मे महिन्यात होईना. म्हणजे आमच्या अभिमानाचा जो महिना तोच त्यांच्या आळसाचा. दुसरी गोष्ट एका दुपारी बारा वाजता कळली. लाईट गेली. आम्ही दोघं घामाघूम बसलो होतो. बायकोने वर छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "पण ऊन तर आहे."

मी सोलरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, लाईट गेली की सोलरही जाते. तारेवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्थाच तशी आहे. बॅटरी वेगळी घ्यावी लागते. तुम्ही विचारलं नव्हतं."

मी विचारलं नव्हतं. हे खरं आहे. डोक्यावर लख्ख ऊन, त्याखाली चौदा पॅनल, आणि त्यांच्याखाली पेपरने वारा घेणारे आम्ही दोघं.

गाडी दिवाळीत आली. शोरूममध्ये तिच्यावर लाल मखमली कापड टाकलं होतं. ते मी आणि बायकोने दोन टोकं धरून ओढायचं, असा तिथला विधी. मग पुठ्ठ्याची तीन फुटी किल्ली हातात देऊन फोटो काढला. केक कापला. आयुष्यभर ज्याला हसलो ते सगळं मी वीस मिनिटांत केलं आणि, खरं सांगायचं तर, मला बरं वाटलं.

समोरच्या घरातले नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. धुळे रस्त्यावर त्यांची हयात गेली. ते येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेले.

"आवाज कुठंय हिचा?"

"आवाज नसतोच, नाना."

"म्हणजे मोबाइलच घेतला म्हणा, चाकं लावून. धुळ्याला जाऊन येईल का पण?"

"येईल की. एका चार्जिंगमध्ये."

"नाही आली तर हाक मारा. दोरी घेऊन येतो."

गल्लीतले सगळे हसले. त्यानंतर धुळ्याला जाऊन यायचं म्हटलं की मला त्या दोरीची आठवण व्हायची. कंपनीने जितके किलोमीटर सांगितले होते तितके गाडी कधीच गेली नाही. रस्ता मोकळा, हवा बरी, एसी बेताचा, असं सगळं जुळलं तर दोनशेच्या आसपास. धुळं जाऊन-येऊन एकशे नव्वद. मी टक्क्यांत विचार करायला लागलो. गाडीत एक पडदा होता. काटकसरीने चालवलं की त्यावर हिरवी पानं उगवायची, एक, दोन, तीन. तीन पानं आली की मी बायकोला दाखवायचो. साठीनंतर माणूस शाबासकी कुठून घेईल याचा नेम नाही.

गाडी अक्कांसाठी घेतली असं मी सगळ्यांना सांगायचो. आता वाटेल तेव्हा धुळ्याला जाता येईल, पेट्रोलचा विचार नको. सहा महिन्यांत आम्ही दोनदा गेलो. फेब्रुवारीत अक्कांना पांझरेच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. एसी लावल्यावर त्यांनी पदर गच्च लपेटून घेतला. "ते थंडं बंद करा भाऊ, गुडघा दुखतस." मी बंद केला. पडद्यावर तिसरं पान आलं. अक्कांचं ते वाक्य माझ्या लक्षात राहिलं. सोयीची वाक्यं लक्षात राहतात.

पुढच्या चैत्रात नानांच्या बायकोने स्वतःहून सांगितलं, "आमची गच्ची रिकामी आहे. लहान आहे, पण पुरेल. तुमच्या अक्कांना बोलवा." बायकोने त्याच मिनिटाला धुळ्याला फोन केला. अक्का लगेच तयार झाल्या. "येसू, माय. पुढलं साल कोनी देखेल शे? औंदा तुन्हा हातखाल करी घेसू." यंदा तुझ्या हातून करून घेईन, असं त्या म्हणत होत्या. बायको मला म्हणाली, "या वेळी मी दांडा धरणार नाही. नुसतं त्यांच्या बोटाकडे बघत बसणार." वर्षभरात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

ज्वारी भिजत पडली. भिजलेली ज्वारी कुणासाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दळण झालंच पाहिजे, नाहीतर ती आंबते. अक्कांना त्या दिवशी दुपारपर्यंत आणायचं ठरलं. बायको ज्वारीचं पाणी बदलायला घरी राहणार होती. नाना म्हणाले, "भाऊ, मी आदल्या संध्याकाळी जातो ना. धुळ्याहून सकाळी सहाची गाडी असते, कंडक्टर ओळखीचा आहे. नऊच्या आत अक्का इथं. ऊन तापायच्या आधी."

"दारात गाडी उभी असताना अक्का एसटीने येणार?" मी म्हणालो.

"मी आपलं सांगितलं," नाना म्हणाले.

आदल्या रात्री मी गाडी चार्जिंगला लावली नाही. रात्री लावली काय अन् दिवसा लावली काय, बिलात फरक पडत नाही असं मुलाने मला दोनदा समजावलं होतं. पण आपल्याच उन्हाने आपली गाडी भरताना बघायला मला आवडायचं. सकाळी उठून लावली आणि आठ वाजता लाईट गेली. चौदा पॅनल उन्हात चमकत होती. दीड तासाने लाईट आली. सव्वादहाला निघालो तेव्हा पडद्यावर अठ्ठ्याऐंशी टक्के होते. "पुरतील ना?" बायकोने विचारलं. "अक्कांकडे लावीन थोडा वेळ," मी म्हणालो.

अक्का उंबऱ्यावर बसून होत्या. नऊवारी नेसून, पिशवी मांडीवर, कापडात गुंडाळलेला दांडा भिंतीला टेकवलेला. पडद्यावर एक्केचाळीस होते. खिडकीतून वायर आत घेऊन स्वयंपाकघरातल्या सॉकेटला लावली. अक्कांनी मला शेवभाजी वाढली आणि दारातून गाडीकडे बघत म्हणाल्या, "हाई लेकरू दूध पेस का काय भाऊ? इतला येळ?" दीड तासाने प्लॅस्टिक तापल्याचा वास आला. सॉकेट हात लावू देत नव्हतं. मी वायर काढली. छप्पन्न.

दोन वाजत आले होते. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी म्हणालो, "अक्का, पाच वाजता निघू या का?"

"आनि दळन? दळन मन्हा डोयासमोर व्हवाले जोयजे." त्यांनी पिशवी उचलली. एक कांदा काढून मला दाखवला, ऊन लागू नये म्हणून ठेवतात तो. "हाऊ शे ना. काय व्हस?"

मलाही तेच वाटलं. काय होतंय. ऊन आपल्याला नवं आहे का? हा प्रश्न खानदेशाबाहेरच्या माणसाला पडलाच नसता. तो मुकाट्याने पाचपर्यंत थांबला असता.

पारोळ्यापर्यंत एसी चालू होता. अक्का मागच्या सीटवर दांडा आडवा धरून बसल्या होत्या आणि बोलत होत्या. बायको लहानपणी गरम पीठ चोरून खायची, एकदा टाळू भाजली होती, ते. मला ऐकताना मजा वाटत होती. पारोळ्याजवळच्या पेट्रोल पंपावर चार्जिंगचं मशीन आहे असं मोबाइलवर दिसत होतं. तिथे अर्धा तास थांबायचा माझा बेत होता. मशीन होतं. त्याच्यावर वाळलेला झेंडूचा हारही होता. पडदा काळा.

पंपावरचा मिशीवाला माणूस सावलीतून उठलाच नाही. "काका, ते बंद आहे."

"कधीपासून?"

"उद्घाटनाच्या दिवशी चालू होतं. मी पेढा खाल्ला होता."

एरवी हे वाक्य मी घरी जाऊन चार जणांना सांगितलं असतं. मी अक्कांना पाणी दिलं. त्यांनी ओठ ओले केले आणि बाटली परत केली. प्रवासात बायका पाणी पीत नाहीत, रस्त्यात जायचं कुठे? हे मला माहीत होतं. पन्नास वर्षं आजूबाजूला बघत होतो. पंपावर संडास होता, मी विचारलंही नाही.

सदतीस टक्के. पुढे साठ किलोमीटर. गणित जमत होतं, पण काठावर. वीसच्या खाली गाडी कधी नेली नव्हती. वीसला आकडा लाल होतो, आणि पुढे गाडी स्वतःच दमाने चालायला लागते असं पुस्तिकेत वाचलं होतं. एरंडोल आणि पाळधीच्या मध्ये, भर उन्हात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला घेऊन रस्त्यात उभं राहावं लागलं तर? ही भीती खरी होती. ती मी स्वतःच्या बचावासाठी आता रचलेली नाही. पण तिच्या शेजारी दुसरंही काही बसलेलं होतं, आणि ते म्हणजे नानांची दोरी.

मी एसी बंद केला. "अक्का, गुडघे दुखतात ना तुमचे, बंद करतो हं."

"हाव," त्या म्हणाल्या.

काचा पूर्ण उघडल्या की वारा गाडीला मागे खेचतो आणि बॅटरी जास्त लागते, हेही मी वाचलं होतं. म्हणून दोन बोटं उघडल्या. वेग पन्नासवर आणला. केळीचे ट्रक हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकून जात होते. दोन बोटांच्या फटीतून भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ येत होती. माझा सदरा पाठीला चिकटला होता. पडद्यावर पहिलं पान आलं, मग दुसरं.

एरंडोलपर्यंत अक्का बोलत होत्या. मग बोलणं कमी झालं. मला वाटलं, डोळा लागला. मग पुन्हा बोलू लागल्या, पण माझ्याशी नाही. "माय, पानी सरनं वं," असं काहीतरी. पाणी संपलं गं. त्या आपल्या आईशी बोलत होत्या. मी आरशात पाहिलं. चेहरा कोरडा होता, घाम नव्हता. माझ्या मनात काय आलं हे मला स्वच्छ आठवतं. मनात आलं, बघा, जुनं हाड आहे, घामसुद्धा नाही.

पडद्यावर तिसरं पान आलं.

गल्लीत वळलो तेव्हा नाना त्यांच्या ओट्यावर उभे होते. बायको फाटकात. मी गाडी थांबवली आणि आधी आकडा पाहिला. अकरा. अकरा टक्के उरले होते. मी नानांच्या दिशेने दोन्ही हातांची बोटं दाखवली, दहा आणि एक. मग मागे वळलो.

मागचं दार बायकोने उघडलं होतं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने अक्कांच्या गालाला हात लावला आणि जो आवाज काढला तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. अक्कांच्या हातातला दांडा सुटून रस्त्यावर पडला. नानांनी स्वतःची जुनी पेट्रोलची गाडी काढली, अक्कांना उचलून तीत ठेवलं, एसी पूर्ण सोडला आणि बायकोला घेऊन दवाखान्यात गेले. मला कुणी बस म्हणालं नाही. माझ्या गाडीत अकरा टक्केच होते. मी मागून रिक्षाने गेलो.

डॉक्टर म्हणाले उष्माघात. वय, रक्तदाब, अंगातलं पाणी, बरंच काही म्हणाले. "यांना कुठे उन्हात बसवलं होतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, गाडीतून आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का गेल्या. शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. मधे एकदा बायकोचा हात धरून अंगठा तिच्या बोटावर दाबला, एवढंच. बायको सांगते म्हणून मला माहीत. मी तेव्हा बाहेर बाकावर होतो.

ज्वारी घमेल्यात आंबून गेली. वास जिन्यापर्यंत आला तेव्हा नानांची बायको येऊन ती घेऊन गेली. तिने गाईपुढे ठेवली असं म्हणाली. गाईने खाल्ली की नाही हे मी विचारलं नाही.

नंतर एका दुपारी मी गणित मांडलं. पारोळा ते जळगाव एसी चालू ठेवला असता तर पाच टक्के जास्त गेले असते. सहा उरले असते. सहा टक्क्यांवरही गाडी चालतेच. दोरी लागली नसती. हा हिशोब मला कुणी मागितला नव्हता. पण तक्ता मांडायची सवय एकदा लागली की लागली.

यात गाडीचा काही दोष नाही, आणि हे मी मनापासून म्हणतो. ती गुणी आहे. पेट्रोलचे पैसे खरंच वाचतात. विजेचं बिल इतकं कमी येतं की ते वाटणाऱ्या माणसाला संशय येतो. मुलाचा तक्ता बरोबर निघाला. तो फोन करतो, रडतो, आणि मग काही बोलायला हवं म्हणून विचारतो, "बाबा, या महिन्यात जनरेशन किती?" मी सांगतो. सोलरच्या मोबाइल ॲपमध्ये दर महिन्याला एक चित्र येतं आणि त्याखाली लिहिलेलं असतं की तुम्ही इतकी झाडं वाचवलीत. आमच्या गल्लीत तीन झाडं आहेत.

नाना पुन्हा कधी गाडीवरून बोलले नाहीत. चेष्टा करणारा माणूस चेष्टा सोडतो तेव्हा त्याने आपल्याला काय शिक्षा दिली हे कळतं. दिसले की ते म्हणतात, "काय भाऊ, बरं ना?" मी म्हणतो, "बरं."

या वर्षी चैत्र येऊन गेला. नानांच्या गच्चीवर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, बायकोला बोलवायलाही आल्या. वर्ष झालं नाही अजून, असं तिने सांगितलं. ते खरं होतं, थोडे दिवस कमी होते. दांडा स्वयंपाकघराच्या दाराआड उभा आहे. पण हे बोलावणं आलं त्या दिवसापासून ती रोज उजाडायच्या आत, पूर्वी बायका जमायच्या त्या वेळेला, बादली आणि फडकं घेऊन गच्चीवर जाते आणि कमरेत वाकून चौदाच्या चौदा पॅनल पुसते. धूळ बसली की वीज कमी होते, हे मीच तिला पूर्वी सांगितलं होतं. मी वर गेलो तर ती सरकून वाट देते. 

एसी चालू होता का, हे तिने मला कधीच विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. गुडघ्यांचं, वीस टक्क्यांचं, बंद पडलेल्या मशीनचं, त्यातला प्रत्येक शब्द खरा. वर्षभर ते उत्तर घेऊन मी घरात फिरतो आहे. मग लक्षात आलं, तिला विचारायची गरज नाही. मागचं दार तिनेच उघडलं होतं. आतली हवा सगळ्यात आधी तिच्या तोंडावर आली होती.